विषय: आईचा ज्येष्ठमध आणि बीपीची गोळी

मंडळी, नमस्कार.
आई-बाबा मागच्या महिन्यात नाशिकहून आले. बॅगेत चिवड्याखाली आईच्या पुड्या: सुंठ, इसबगोल आणि बोटभर लांबीच्या ज्येष्ठमधाच्या कांड्या, वर्षभर पुरतील एवढ्या. विमानात खोकला लागला तेव्हापासून एक कांडी सतत गालात असते. तिकडे आटोक्यात असलेलं बीपी आता १६०च्या खाली येत नाही. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. गोळी मी समोर उभी राहून देते. इथल्या थंडीमुळे होत असेल का?
– इंदिरानगरवाली

ताई,
थंडीचं नंतर बघू, आधी ती कांडी थांबवा. मी फार्मासिस्ट आहे, माहेर पंचवटीचं, त्यामुळे या पुड्या ओळखीच्या आहेत. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. मग कॉर्टिसोल हे हार्मोन अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या, मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनचं काम करू लागतं: मीठ-पाणी अंगात साठतं, बीपी चढतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं. गोळीची स्ट्रिप उलटून वाचा. क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर तीही पोटॅशियम घालवते, म्हणजे दोन्हीकडून गळती. गोळे बहुधा त्याचेच. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना कांडीचं सांगून पोटॅशियम तपासून घ्या. धडधड किंवा फार अशक्तपणा असेल तर आजच. कांडी सोडल्यावरही परिणाम ओसरायला एक-दोन आठवडे लागू शकतात.
थायरॉइडची गोळी चालू असेल तर इसबगोलात काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. आणि कुणाच्या घरी फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर शंखपुष्पीचं सिरप विचारल्याशिवाय देऊ नका, रक्तातलं औषध कमी होतं.
‘कोणती औषधं चालू आहेत?’ विचारलं की आपली माणसं फक्त गोळ्या मोजतात. पुड्या त्यांच्या लेखी स्वयंपाकघरातल्या.

ताई, मनापासून आभार. क्लोरथॅलिडोनच निघाली. पोटॅशियम ३.० आलं, म्हणजे कमीच; डॉक्टरांनी औषध दिलंय, पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी. आई मात्र फुरंगटून बसलीय: “माझ्या सासूबाई जन्मभर चघळत होत्या, काही झालं नाही.” बाबांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, “आईला बीपीची गोळी कुठे होती?” कांड्या मी कपाटावर ठेवल्यात. आज सकाळी स्टूल कुठे असतं म्हणून विचारत होती.
– इंदिरानगरवाली