लिंबू सरबत, संत्री आणि झिजणारे दात: ब्रश नेमका कधी करावा?

धरमपेठकर
नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसातून चार-पाचदा लिंबू सरबत किंवा पन्हं होतंच, हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री. पुढच्या दातांच्या कडा पातळ, काचेसारख्या झाल्यात, गार पाणी झोंबतं, पण कीड कुठेच नाही. आम्लामुळेच का? खाल्ल्याबरोबर ब्रश केला तर फायदा होईल?

दंतमित्र
लक्षणं आम्लाच्या झिजेचीच वाटतात. किडीत जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. इथे आम्ल थेट दातावर येतं. इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं (पीएच जितका कमी, तितकं आम्ल तीव्र). लिंबाचा रस २ ते २.५, कोला २.५च्या आसपास, संत्र्याचा रस ३.५ ते ४. म्हणजे बिनसाखरेचं लिंबूपाणीही दातांना त्रासाचंच.
खाल्ल्याबरोबर ब्रश नकोच. मऊ पडलेला थर खरवडून निघतो. साध्या पाण्याने चूळ भरा. सकाळचा ब्रश न्याहारीआधी उरका. ब्रश मऊ, पेस्ट १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइडची. कोळशाचं मंजन आणि मशेरी बंद.

जुना सभासद
अर्धा तास थांबा म्हणतात ते ठीक, पण त्यावर विसंबू नका. मऊ झालेलं इनॅमल पुन्हा पक्कं व्हायला कित्येक तास लागतात. म्हणून आम्ल दिवसातून किती वेळा तोंडात जातं, हे जास्त महत्त्वाचं. पेलाभर सरबत जेवणासोबत एकदाच संपवा. तेच बाटलीत भरून दिवसभर घोट घोट घेणं सर्वांत वाईट.
आणि आपल्याकडचं ऊन! अंगातलं पाणी कमी झालं की लाळ आटते, आणि आम्ल धुणारी, कॅल्शियम-फॉस्फेट पुरवणारी लाळच असते. उन्हातून आल्यावर आधी माठातलं पाणी प्या, सरबत नंतर. दुपारच्या सरबताऐवजी दाट ताक घ्या: आंबट असूनही त्यातल्या कॅल्शियममुळे दात झिजत नाहीत. झोपताना आंबट काही नको, झोपेत लाळ फारच कमी सुटते.

दंतमित्र
एक राहिलं. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू झिजली असेल तर आधी आम्लपित्ताचा संशय घ्या. तिथे लिंबू सोडून भागत नाही, पोटावर उपचार लागतात. उलटी झाल्यावर पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून चूळ भरा.
गेलेलं इनॅमल परत येत नाही. दाढांवर खळगे पडले असतील किंवा जुनं फिलिंग दातापेक्षा उंच दिसत असेल, तर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा.

धरमपेठकर
स्ट्रॉने प्यायलं तर?

जुना सभासद
चालेल, पण टोक दातांच्या मागे, जिभेवर ठेवा. ओठांतच धरली तर धार पुढच्या दातांवरच पडते.