अभिजात साहित्य, चित्रे आणि फॅन्डम (चाहत्यांचे जग) : नुसते साठवणे थांबवून आस्वाद घ्यायचा आहे, सल्ला हवा

अर्धविराम, २६ एप्रिल

माझ्या फोनमध्ये जतन केलेल्या चित्रांची संख्या आता चार आकडी झाली आहे आणि त्यांपैकी एकाही चित्राकडे मी सलग दोन मिनिटे पाहिलेले नाही. कादंबऱ्यांची स्थिती याहून अवघड आहे. ज्या पात्रांवरचे विनोद मला तोंडपाठ आहेत, ज्यांची फॅनआर्ट (चाहत्यांनी काढलेली चित्रे) मी रात्र जागून पाहिली आहे, त्यांची मूळ कथा मी साठ पानांपुढे कधी नेलेली नाही. एका गटात ही कबुली दिली तेव्हा माझी यथेच्छ थट्टा झाली. तेव्हापासून तिथे मी सगळे वाचले असल्यासारखी मान डोलावते.

‘फोन बाजूला ठेवा’ हा सल्ला कृपया देऊ नये. मला चित्रांची आणि पुस्तकांची गोडी ऑनलाइनच लागली आणि ज्यांच्याशी त्यांविषयी बोलावेसे वाटते ती माणसेही तिथेच भेटली. याच जगात राहून एखादी कलाकृती शेवटपर्यंत कशी अनुभवावी, सुरुवात कशाने करावी आणि फॅनफिक्शन (चाहत्यांनी त्याच पात्रांवर लिहिलेल्या कथा) वाचायचे तर त्यात वाहून न जाता कसे वाचावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. इंग्रजी वाचता येते, पण जुन्या वळणाच्या इंग्रजीत दम लागतो.

तळटीप, २६ एप्रिल

अगदी वेळेवर विचारलेत, कारण ३ मे तोंडावर आली आहे. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ही कादंबरी रोजनिशीतील नोंदी, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांतून उलगडते आणि तिची पहिली नोंद ३ मेची आहे. २०२१ साली ‘ड्रॅक्युला डेली’ नावाचे ईमेल-पत्र सुरू झाले, ज्यात प्रत्येक नोंद तिच्यावर असलेल्या तारखेलाच वाचकाकडे येते. पुढच्याच वर्षी टम्बलर या समाजमाध्यमावर असंख्य लोक एकाच दिवशी तेच पान वाचून त्यावर चित्रे, विनोद आणि तर्क मांडू लागले. ईमेलही नको असेल तर ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वरून विनामूल्य प्रत उतरवून घ्यावी आणि तारखा पाहत स्वतःच वाचावे.

या पद्धतीत उद्याचे पान कोणाच्याच हाती नसते, त्यामुळे नवख्याला संकोच वाटत नाही. शिवाय काही दिवशी एकही नोंद नसते आणि त्या रिकाम्या दिवसांतच कादंबरी मनात घर करते. एका बैठकीत वाचणारा जो काळ पान उलटून ओलांडतो, तो इथे पात्रांबरोबर खरोखरच काढावा लागतो. क्रमशः वाचन काही आजचे नाही. डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये मासिक हप्त्यांनी आली आणि हरिभाऊ आपट्यांचे वाचकही ‘करमणूक’च्या पुढच्या अंकाची वाट पाहतच होते.

एक दोष मात्र आधीच सांगतो. तारखांच्या क्रमाने वाचताना स्टोकरने केलेली मांडणी मोडते. ‘डिमीटर’ या जहाजाची दैनंदिनी पुस्तकात वृत्तपत्राच्या कात्रणातून सलग समोर येते आणि अंगावर काटा आणते. तारखेनुसार वाचल्यास ती थेंबाथेंबाने येते आणि तिचा धक्का बराच बोथट होतो. तेवढा भाग नंतर पुस्तकातल्या क्रमाने पुन्हा वाचावा. भाषेत दम लागला तर ‘लिब्रिव्हॉक्स’वर स्वयंसेवकांनी केलेले अभिवाचन लावून ओळींवर नजर ठेवावी. उच्चार कानावर पडले की लांबलचक वाक्यांचा डोलारा आपोआप सुटा होतो.

जलरंग, २७ एप्रिल

मी चित्रांपुरते बोलेन. चार आकडी संग्रहातून एकच चित्र निवडा आणि ते ज्या संग्रहालयात आहे त्याच्या संकेतस्थळावर जाऊन पाहा. हा आग्रह विनाकारण नाही. व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या स्त्रीच्या चित्राच्या दहा हजारांहून अधिक प्रती इंटरनेटवर फिरत असल्याचे ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमला आढळले होते. त्यांतल्या बऱ्याचशा इतक्या पिवळट होत्या की संग्रहालयातील पोस्टकार्डावरचे खरे रंग लोकांना खोटे वाटू लागले. संग्रहालयाने स्वतःची उत्तम छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली, त्यामागचे हे एक कारण होते. तुमच्या फोनमधला पिवळा रंगही कोणाचा आहे, ते एकदा तपासून पाहा.

माझी शिफारस त्याच संग्रहालयातील रेम्ब्राँच्या ‘द नाइट वॉच’ची (१६४२), म्हणजे शहराच्या एका बंदूकधारी नागरी पथकाच्या चित्राची. २०२२ साली त्यांनी ८,४३९ छायाचित्रे जोडून त्याची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा प्रसिद्ध केली, जी वाढवत नेली तर रंगातल्या भेगाही दिसतात. मी आठवडाभर रोज एकच कोपरा पाहिला. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की पुढे केलेल्या कॅप्टनच्या हाताची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटावर पडली आहे, बोटांसकट. मागच्या उजळ मुलीच्या कमरेला एक मेलेली कोंबडी लटकते आहे आणि तिच्या नख्या मुद्दाम दिसतील अशा रंगवल्या आहेत, कारण नखी ही त्या बंदूकधारी पथकाची खूण होती. नावात रात्र असली तरी प्रसंग दिवसाचा आहे. वार्निश काळवंडल्यामुळे रात्रीचा भास निर्माण झाला. १७१५ साली हे चित्र नव्या जागी मावावे म्हणून चारही बाजूंनी कापले गेले, हे कळल्यावर डावी कड पाहताना मला नेहमी काहीतरी तुटल्यासारखे वाटते.

पडद्यावर एकच गोष्ट कधीच कळत नाही, ती म्हणजे आकार. हे चित्र साडेचार मीटर रुंद आहे. भिंतीवर तेवढे अंतर मोजून पाहा, थोडे हास्यास्पद दिसेल, पण उपयोग होतो.

चौकट, २७ एप्रिल

‘आधी मूळ, मग बाकीचे’ हा दंडक मला मान्य नाही. आपल्यापैकी कितीजणांना रामकथा प्रथम वाल्मीकींकडून कळली? विनोद आणि फॅनआर्ट यांच्या वाटेने आलात याची लाज बाळगू नका आणि थट्टा करणारा तो गट खुशाल सोडा.

उत्तररात्र, २८ एप्रिल

चौकट यांच्याशी मी निम्मी सहमत आहे. वाट कोणतीही असो, पण फॅन्डमचा खरा रस मूळ मजकुराचा कीस पाडण्यात आहे आणि त्यासाठी मजकूर वाचलेला असावा लागतो. शेरलॉक होम्सचे चाहते शतकाहून अधिक काळ हेच करत आले आहेत. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत डॉ. वॉटसनच्या खांद्याला गोळी लागलेली आहे आणि १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत तीच जखम पायाला आहे. लेखकाचे विस्मरण म्हणून हे सोडून देता आले असते, पण चाहत्यांनी त्यावर लेखच्या लेख लिहिले. असल्या चुकांवर प्रेमाने भांडणारा गट सापडला तर तो धरून ठेवा.

फॅनफिक्शनसाठी ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ पुरेसे आहे. स्वयंसेवकांच्या ना-नफा संस्थेने चालवलेले हे संग्रहस्थळ २००९ पासून खुले आहे आणि २०१९ साली त्याला विज्ञानकथा आणि कल्पनारम्य साहित्यासाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तिथे बुडायचे नसेल तर गाळणी वापरायला शिका: फक्त पूर्ण झालेल्या कथा, शब्दसंख्येची मर्यादा आणि नको असलेले टॅग (कथेत काय आहे ते सांगणाऱ्या खुणा) वगळणे. मी नवीन फॅन्डममध्ये पाच हजार शब्दांखालच्या पूर्ण कथाच आधी वाचते. एक बारकावा नवख्यांच्या ध्यानात येत नाही. ‘लेखकाने इशारे न देण्याचे ठरवले आहे’ असे लिहिलेले असेल, तर कथेत धक्कादायक काही नाही असा त्याचा अर्थ नसून काहीही असू शकते असा आहे. टॅग वाचल्याशिवाय कथा उघडू नये. आणि कथा आवडली तर नुसते ‘कुडोज’ (पसंतीची खूण) देऊन निघून न जाता कोणते वाक्य आवडले ते लिहावे. आपण काय वाचले हे त्यातून आपल्यालाही कळते.

अर्धविराम, २८ एप्रिल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘ड्रॅक्युला’ वाचायचे ठरवले आहे. एवढेच विचारते की चर्चा वाचताना पुढचे कथानक कळून जाणार नाही, याची काळजी कशी घ्यावी?

तळटीप, २९ एप्रिल

पात्रांची नावे ‘म्यूट’ करून ठेवा आणि त्या दिवसाची नोंद वाचून झाल्यावरच चर्चेत शिरा. विकिपीडियावरचा लेख नोव्हेंबरपर्यंत उघडू नका.

अर्धविराम, २७ जुलै

पुढे काय झाले ते कळवण्यासाठी परत आले आहे. चित्राचा आठवडा चौथ्या दिवशीच थांबला, हे प्रामाणिकपणे सांगते. वाचन मात्र एकाही दिवशी चुकलेले नाही.

१९ मेच्या नोंदीत काउंट ड्रॅक्युला आपल्या वाड्यात अडकलेल्या जोनाथनकडून तीन पत्रे आधीच लिहून घेतो. काम संपत आले, उद्या निघतो, वाड्यातून निघालो, असा त्यांचा मजकूर आणि त्यांवर जूनमधल्या पुढच्या तारखा. त्या दिवशी मी ते वाचले, गटात एक भेदरलेला चेहरा टाकला आणि पुढे ती पत्रे साफ विसरले. ३० जूननंतर जोनाथनची रोजनिशी बंद झाली. काल त्याची वाग्दत्त वधू मीना हिच्या नोंदीत त्याचे पत्र आल्याचे वाचून मला क्षणभर हायसे वाटले. पत्र एकाच ओळीचे, वाड्यावरून लिहिलेले, आपण घरी यायला निघतो आहोत एवढेच सांगणारे. हे त्याच्या स्वभावाला धरून नाही, असे तिला वाटत राहते आणि ती अस्वस्थ होते. मग मला एकदम मे महिना आठवला, मागे जाऊन ती नोंद काढली आणि त्या तीन तारखा पुन्हा पाहिल्या. हे तिला कोणीतरी सांगायला हवे असे वाटून रात्री बराच वेळ झोप आली नाही. तळटीप, पुढे काय होते ते अजिबात सांगू नका.