फातोर्ड्याची बस: सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव: सर्व सभासदांस नमस्कार. मुलांच्या आग्रहावरून एफसी गोवा या फुटबॉल क्लबचा घरचा सामना पाहण्यासाठी मडगावजवळ फातोर्ड्याला एक बस नेण्याचा विचार आहे. साडेसातला सुरू झालेला सामना साडेनऊच्या आत संपत नाही, त्यामुळे सावंतवाडीला परतताना रेल्वेच्या वेळेवर अवलंबून राहणे मला योग्य वाटत नाही. इच्छुकांनी आपली नावे कळवावीत.

बी-२०३: आमची चार नावे लिहावीत. हे स्टेडियम २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी बांधले होते ना? इराणने जर्मनीला ४-० असे हरवले तो सामना तिथेच झाला, असे माझा मुलगा सांगतो.

ए-१०१: मुलगा बरोबर सांगतो, पण स्टेडियम त्याहून बरेच जुने आहे. पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८९ साली उभे राहिले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलिया व श्रीलंका यांचा एकदिवसीय क्रिकेट सामना तिथे झाला, म्हणजे आज ज्याला आपण फुटबॉलचे माहेरघर म्हणतो, तिथे सुरुवातीपासून क्रिकेटही नांदत होते. पुढच्याच वर्षी गोव्याने याच मैदानावर केरळला हरवून संतोष ट्रॉफी ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा जिंकली.

१९९९ च्या उन्हाळ्यात दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना मी स्वतः तिथे पाहिला. सिमेंटच्या पायऱ्या इतक्या तापल्या होत्या की खाली वर्तमानपत्र अंथरूनही बसवत नव्हते, आणि भारताने बांगलादेशावर दुसरा गोल केला तेव्हा माझी चण्याची पुडी पुढच्या माणसाच्या सदऱ्यात रिकामी झाली. त्याने मागे वळूनही पाहिले नाही.

क्रिकेट तिथून हळूहळू गेले. ऑक्टोबर २०१० मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया सामना पावसामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाला. परतीच्या पावसाचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. त्या पावसात फुटबॉल तग धरतो, क्रिकेट नाही. मला विचाराल तर मैदानाने आपला खेळ स्वतःच निवडला.

सी-३०४: काका, इतिहास वाचून आनंद झाला, परंतु लहान मुलांना घेऊन जायचे असल्याने बसण्याची व्यवस्था कशी आहे, तेही कृपया सांगावे.

ए-१०१: वहिनी, २०१४ च्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धेसाठी, म्हणजे पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या स्पर्धेसाठी, स्टेडियमची मोठी दुरुस्ती झाली. आता स्वतंत्र खुर्च्या आहेत, वर छप्पर आहे आणि प्रकाशझोतात सामने होतात. सुमारे १९,००० माणसे बसतात. पूर्वी पायऱ्यांवर दाटीवाटीने याहून पुष्कळ जास्त मावत. मात्र वारा सुटला की पाऊस तिरपा आत येतो, तेव्हा पुढच्या रांगांची तिकिटे घेऊ नयेत. बाटल्या व मोठ्या पिशव्या सहसा दारातच ठेवून घेतात, म्हणून मुलांना बसमध्येच खाऊ घालावे.

बी-२०३: रोनाल्डो येणार म्हणून गेल्या वर्षी एवढा गाजावाजा झाला, तो सामनाही इथलाच का?

ए-१०१: होय, ऑक्टोबर २०२५ मधला, रोनाल्डोच्या अल-नासर या सौदी क्लबविरुद्धचा. रोनाल्डो आला नाही आणि एफसी गोवा १-२ असा हरला. त्यापेक्षा मुलांना एप्रिल २०२१ सांगावा: आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब म्हणून याच संघाने कतारच्या अल-रय्यानला इथेच ०-० असे रोखले. महामारीमुळे तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या, एवढेच वाईट वाटते.

सचिव: काकांचे आभार. आतापर्यंत एकोणीस नावे आली आहेत. बस पस्तीस आसनांची आहे. तिकिटे वरच्या रांगांची काढतो. काका, तुमचे नाव अद्याप यादीत दिसत नाही.

ए-१०१: लिहावे. खिडकीजवळची जागा मिळाल्यास बरे.