घरी बेस रेकॉर्ड करायचा तर अ‍ॅम्प हवाच कशाला?

चारतारी

भाचा बेस गिटार शिकायला लागलाय आणि त्याला घरीच गाणी रेकॉर्ड करायची आहेत. ग्रुपमधल्या पोरांनी त्याला एकमुखाने सांगितलंय, आधी दणदणीत अ‍ॅम्प घे, बाकीचं नंतर बघू. माझं मत बरोब्बर उलटं आहे. मांडतो, तुटून पडा.

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने अ‍ॅम्पवर एक रुपया घालू नये. बेसची केबल थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) लावावी, हेडफोन चढवावा आणि वाजवावं. वाचलेल्या पैशातून आधी बेसचं सेटअप नीट करून घ्यावं, तारा बदलाव्यात, उरले तर हेडफोन जरा वरच्या दर्जाचा घ्यावा.

मुख्य कारण म्हणजे आपल्या खोल्या. बेसची जाड ई तार मोकळी छेडली तर ४१ हर्ट्झ, ए तार ५५. आणि बडोद्यातली आपली खोली असते १० बाय १२. आवाज सेकंदाला साधारण सव्वाअकराशे फूट जातो, त्या हिशोबाने १० फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासची लाट अडकून बसते. छतही १० फुटांवर असेल तर तीच लाट वर-खालीही अडकते. १२ फुटांच्या बाजूला ती येते ४७ च्या जवळ, म्हणजे ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा एफ शार्प. आता अशा खोलीत अ‍ॅम्प लावून ए वाजवा, कपाटाच्या काचा बोलायला लागतील. त्याच ताकदीने शेजारचा सी वाजवा, तो गेला कुठे ते शोधावं लागेल. मग माणूस अ‍ॅम्पचे कान पिळत बसतो आणि बिघाड असतो भिंतींत.

आणि ही काही माझी टूम नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर जेम्स जेमर्सनने जो बेस वाजवला तो डेट्रॉइटच्या स्टुडिओत अ‍ॅम्पपुढे माइक न लावता बहुतांशी थेट कन्सोलमध्ये (स्टुडिओच्या मिक्सरमध्ये) गेला. १९६२ चा फेंडर प्रिसिजन बेस, त्यावर जाड फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्यांच्या, गुळगुळीत) तारा आणि उजव्या हाताचं एक बोट. साठ वर्षं झाली, लोक अजून तोच आवाज शोधतायत.

---

मांडवातला बेसवाला

जेमर्सन काढलात म्हणजे पुढचं बोलायची सोयच ठेवली नाहीत. पण अर्धंच सांगितलंत. हाच माणूस क्लबात वाजवायला अँपेगचा अ‍ॅम्प घेऊन जायचा. हात तयार झाला तो रोज हवेत घुमणारा आवाज ऐकून. तयार हात कन्सोलला जोडला तर सोनंच निघणार. तुमच्या भाच्याचा हात अजून कच्चा आहे.

मी नवरात्रात गरब्याला वाजवतो. बडोद्याचा गरबा म्हणजे गायक-वादक समोर, सगळं लाइव्ह, आणि पायाखाली हजारो माणसं. हेडफोनवर शिकून आलेली पोरं दरवर्षी येतात. हींचचा ठेका सुरू झाला की पहिल्या दहा मिनिटांत समजतं: सूर धरायला येतो, सोडायला येत नाही. तार वाजून झाली तरी मागे गुणगुणत राहते, डाव्या हाताची बोटं तिच्यावर परत टेकतच नाहीत. हेडफोनमध्ये ती गुणगुण बारीक असते, मांडवात १८ इंची सबमधून (खालचे सूर काढणाऱ्या स्पीकरमधून) ती बाहेर आली की ढोलाचा धूमच खाऊन टाकते. मग साउंडवाला काय करतो? बेसचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) खाली. झाला तुमचा बेस.

अ‍ॅम्प हा शिक्षक आहे, साहेब. त्याला रेकॉर्डिंगच्या खर्चात धरू नका.

---

डग्गा

मांडववाल्यांना जोरदार अनुमोदन. मी मूळची तबल्याची, इथल्या म्युझिक कॉलेजातली. (सुरसागरजवळचं, १८८६ चं, मौलाबक्षांनी सुरू केलेलं. अवांतर आहे, पण आपल्या गावचं म्हणून सांगायला बरं वाटतं.) डग्ग्याचा घुमारा किती वेळ ठेवायचा आणि मनगटाने कुठे दाबायचा हे कळायलाच वर्षं जातात. बेसवर आले तेव्हा पहिल्यांदा हेच जाणवलं, की इथेही खरं काम सूर थांबवण्याचंच आहे. ते हेडफोनवर ऐकू येतं की नाही? येतं, पण अंगावर येत नाही.

---

फेडरखाली

साउंडवाल्यांच्या वतीने जाहीर निषेध. फेडर आम्ही उगाच खाली करत नाही. :)

चारतारी, तुमचं गणित बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. खोली घुमते ती ऐकणाऱ्याच्या कानाशी. अ‍ॅम्पच्या जाळीपासून चार बोटांवर किक ड्रमचा माइक लावला आणि आवाज बेताचा ठेवला तर माइकला स्पीकरचाच आवाज इतका मिळतो की खोलीचा भाग नगण्य. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये माइक लोक हातभर लांब ठेवतात आणि मग खोलीला शिव्या घालतात.

अजून एक. आज गाणं ऐकतंय कोण आणि कशावर? मोबाइलवर. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ सोडा, त्याच्या दुप्पट-तिप्पटसुद्धा धड निघत नाही. तरी बेस ऐकू येतो, कारण त्या सुराच्या वरच्या पटी कानावर पडल्या की मूळ सूर मेंदू स्वतःच जोडून घेतो. त्या पटी येतात कुठून? तारेच्या करकरीतून आणि अ‍ॅम्पच्या किंचित फाटण्यातून. स्वच्छ, गुळगुळीत थेट लाइन आणि वर फ्लॅटवाउंड तारा, म्हणजे मोबाइलवर बेस गायब. गेल्या गणपतीत एका मंडळाच्या आरतीचा ट्रॅक माझ्याकडे आला होता. वाजवलेला सुरेख, पण फोनवर लावला तर बेसवाला आलाच नव्हता म्हणा.

---

चारतारी

@फेडरखाली, माइक चार बोटांवर, मान्य. पण मग लोक हमखास पुढचं करतात: माइक आणि थेट लाइन दोन्ही घेतात आणि मिसळतात. माइक ३० सेंटिमीटरवर असेल तर तो आवाज जवळजवळ १ मिलिसेकंद मागे राहतो आणि बेरीज केली की साडेपाचशे हर्ट्झपाशी खड्डा पडतो. नेमका तिथेच, जिथे तुमच्या मोबाइलवर बेस ऐकू यायचा असतो! शिकाऊ पोराने हे कधी पकडायचं?

फाटण्याचं म्हणाल तर त्यासाठी अ‍ॅम्प कशाला? प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) आहेत, फुकटचेसुद्धा चालतात. थेट लाइनची एक प्रत करायची, तिचा खालचा भाग कापायचा, उरलेल्यावर थोडं सॅचुरेशन (हलकं फाटणं) चढवायचं आणि मूळ ट्रॅकखाली हलकंसं सरकवायचं. मूळ स्वच्छ राहतं, मोबाइलवर बेस येतो, आणि उद्या मत बदललं तर ते काढताही येतं. माइकने घेतलेला फाटका आवाज परत शिवता येत नाही.

@मांडवातला बेसवाला, डँपिंगचा (वाजलेली तार दाबून थांबवण्याचा) मुद्दा शंभर टक्के खरा. पण तो अ‍ॅम्पनेच कळतो हे पटत नाही. रेकॉर्ड झालेली लहर स्क्रीनवर मोठी करून बघा. सूर जिथे संपायला हवा तिथे शेपूट लोंबतंय की नाही, डोळ्यांना दिसतं. अ‍ॅम्पवर वाजवणाऱ्याला ते कुणी दाखवत नाही.

---

मांडवातला बेसवाला

शेपूट बघून कोणी लयीत आलाय का हो? स्क्रीनवर दिसेपर्यंत गाणं संपलेलं असतं.

---

अलकापुरीचा_नवा

मी त्या भाच्याच्याच वयाचा, म्हणून विचारतो. अ‍ॅम्प नाहीये. पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) जॅझ बेस इंटरफेसमध्ये लावतो आणि दोन तक्रारी आहेत. एक म्हणजे आवाज मेल्यासारखा, वरचं काहीच नाही. दुसरी म्हणजे सतत भुणभुण, हात तारांवर ठेवला की कमी होते. भुणभुण घालवायला ५० हर्ट्झ कापणारा फिल्टर लावला, तर आता काही सूर पातळ वाटतात. बेसच खराब आहे का?

---

फेडरखाली

बेस बिचारा ठीक असणार. इंटरफेसवर वाद्यासाठीचं बटण असतं, कुठे गिटारचं चित्र असतं, कुठे इन्स्ट किंवा हाय-झेड लिहिलेलं. ते दाबलंयस का? पॅसिव्ह पिकअपला (तारांखालच्या चुंबकी गुंडाळीला) पुढे साधारण १ मेगओहमचा इनपुट लागतो. लाइन इनपुट त्याच्या शंभराव्या हिश्शाचा, दहा-वीस किलोओहमचा असतो. तो पिकअपवर ओझं टाकतो आणि वरचा आवाज मरतो. मांडवातही हेच होतं, बेसची केबल सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये खुपसतात आणि वर बेसवाल्यालाच "आवाज उघडा कर" म्हणतात. पन्नास फूट साधी केबल ओढली तर तीही वरचा आवाज खाते. डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल लांब केबलला साजेसा करून देणारी डबी) वाजवणाऱ्याच्या पायाशी हवा, तिथून पुढे बॅलन्स्ड (गोंगाट न पकडणारी) लाइन कितीही लांब जाऊ दे.

आता भुणभुण. फिल्टर आधी काढ. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी आहे ४९ हर्ट्झचा, आणि घरातली वीज ५० ची. तू भुणभुणीबरोबर जी पण कापतोयस. शिवाय कानाला खुपणारी भुणभुण बरीचशी १०० आणि १५० मध्ये असते, ती तशीच राहिली. हात ठेवल्यावर कमी होते म्हणजे अर्थिंग किंवा शिल्डिंगचा घोळ. लॅपटॉपचा चार्जर काढून बघ, बॅटरीवर भुणभुण गेली तर चोर तोच. जॅझचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेव, दोन पिकअप एकमेकांची भुणभुण बरीचशी मारतात. एक कमी केलास की ती परत येते. प्रिसिजनच्या दुभागलेल्या पिकअपला (१९५७ पासूनचा) ही अडचण नाही. आणि हात जोडून सांगतो, भुणभुण घालवायला प्लगची अर्थची पिन कोणी कापा म्हणालं तर त्याच्या नादी लागू नको. जीव जाईल.

---

अलकापुरीचा_नवा

बटण नव्हतं दाबलेलं. 🙏 दाबलं, माणसात आला. चार्जर काढल्यावर निम्मी भुणभुण गेली.

---

चारतारी

बघा! अ‍ॅम्प न घेता काम झालं.

---

डग्गा

त्याच्याकडे अ‍ॅम्प असता तर बटणाचा प्रश्नच आला नसता, हेही लिहा की. :)

चारतारींच्या पहिल्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट मात्र सगळ्यांनी ओलांडून टाकली: सेटअप. दुकानातून येणाऱ्या नव्या बेसच्या तारा पुष्कळदा इतक्या उंच असतात की पहिल्या आठवड्यात बोटं सोलतात आणि पोरं वाद्यच सोडतात. बाराव्या फ्रेटपाशी जाड तार साधारण सव्वादोन-अडीच मिलिमीटर, बारीक तार दोनच्या आसपास, इथून सुरुवात करा. मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून निघणारा सूर) ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा आला तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे. आपल्याकडे मे महिन्यातली कोरडी हवा आणि जुलैतली दमट, यांच्यात नेक हमखास हलते. ट्रस रॉड (नेकमधली, वाक सांभाळणारी सळई) एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि मग थांबून बघायचं.

तारांबद्दल: राउंडवाउंड तारा नवरात्रातल्या घामाने लवकर मरतात, खाचांत घाम आणि मळ बसतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, खालच्या बाजूनेही. फ्लॅटवाउंडला हा त्रास कमी. पण त्या आवाजाला गोल असतात, तेव्हा मोबाइलवाला मुद्दा लक्षात ठेवा.

---

मांडवातला बेसवाला

प्लगइनवर अजून एक आक्षेप. पोरांच्या जुन्या लॅपटॉपवर बफर (आवाज साठवून पुढे देण्याचा तुकडा) ५१२ च्या खाली नेला की आवाज तुटतो. ४८ किलोहर्ट्झला ५१२ म्हणजे एका बाजूलाच १० मिलिसेकंदांहून जास्त, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट. बोट आधी आणि सूर मागून. अशाने लय बसत नाही, बिघडते.

---

चारतारी

म्हणून इंटरफेसवरच्या डायरेक्ट मॉनिटरिंगवर (आवाज कॉम्प्युटरमधून न फिरवता थेट हेडफोनमध्ये ऐकत) वाजवायचं आणि प्लगइन मागाहून चढवायचं. इनपुट उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवायचा, २४ बिटला तेवढी जागा मुबलक.

आणि कॅबिनेट (अ‍ॅम्पच्या स्पीकरचा खोका) ठेवायचं कुठे, हे कोणीच बोलत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं तेव्हा इंटरफेस आणि बेस उचलून वर गेलो. कॅबिनेट दोघांशिवाय हलेना. ते तिथेच राहिलं.

---

मांडवातला बेसवाला

कॅबिनेटचं वाईट वाटलं, खरंच. पण पुरावरून अ‍ॅम्प नको म्हणायचं तर तळमजल्यावर तबलाही नको.

चला, एकदाचा निकालच लावू. दसऱ्यानंतर माझा अ‍ॅम्प रिकामा असतो, भाच्याला घेऊन या. एकच गाणं, एक टेक थेट लाइनचा, एक अ‍ॅम्पचा. नावं न लिहिता इथे टाका, लोक ओळखतील.

---

चारतारी

कबूल. पण अटी माझ्या. नुसता बेस ऐकवायचा नाही, ढोल आणि आवाजासकट ऐकवायचा. दोन्हीची पातळी कानाला सारखी करायची, मोठा वाजलेला नेहमी चांगलाच वाटतो. आणि टेक दोन नाहीत, एकच. थेट लाइन एकदा रेकॉर्ड करू, तीच मग रीअँप बॉक्समधून तुमच्या अ‍ॅम्पला पाठवू आणि माइकने परत घेऊ. बोट तेच, सूर तेच, फरक फक्त अ‍ॅम्पचा.

---

फेडरखाली

पद्धत चोख आहे. रीअँप बॉक्स माझ्याकडे आहे, आणतो. माइक मी लावणार, चार बोटांवर.

---

मांडवातला बेसवाला

वा! म्हणजे माझा मुद्दा आधीच कापून झाला. मी म्हणतोय अ‍ॅम्प ऐकून हात वेगळा वाजतो, आणि तुम्ही हेडफोनवर वाजवलेला हात माझ्या अ‍ॅम्पमधून काढणार. दोन टेक. एक हेडफोनवर, एक अ‍ॅम्पसमोर उभं राहून. नाहीतर कॅबिनेट जागचं हलणार नाही, पूर आला तरी.

---

चारतारी

दोन टेक घेतले तर फरक अ‍ॅम्पचा की दुसऱ्यांदा वाजवल्याचा, कसं ठरवणार?

---

डग्गा

आधी अ‍ॅम्पचा घ्या, मग हेडफोनचा, मग परत अ‍ॅम्पचा. तिन्ही टाका. पोराला चहा मी पाजते.