निघताना ‘जातो’ का म्हणू नये, आणि बाहेर पडलेल्या देशाला परत येता येते का?

प्रश्न : एक शिक्षिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर

गेल्या सोमवारी माझा मुलगा नोकरीसाठी पुण्याला निघाला. उंबऱ्यात बूट घालता घालता तो सहज ‘जातो’ म्हणाला, तेव्हा दह्याची वाटी घेऊन उभ्या असलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, “जातो काय म्हणतोस रं? येतो म्हण.” त्याने ‘येतो’ म्हटल्यावरच त्यांनी त्याच्या तळहातावर दही घातले. त्याच दिवशी वर्गात ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याचा विषय निघाला आणि एका मुलीने विचारले, की बाहेर पडलेला देश पुन्हा आत येऊ शकतो का. मला तिला नीट उत्तर देता आले नाही. या दोन्ही गोष्टींवर जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : पंचगंगाकाठ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या बोलण्यातच आहे. ‘गेला’ हा शब्द आपण मृत्यूसाठी वापरतो, म्हणून घराबाहेर पडणाऱ्याच्या तोंडी तो नको वाटतो. संपण्याचा किंवा मोडण्याचा उच्चार टाळण्याची ही रीत फक्त निरोपापुरती नाही. व्यापारी रात्री दुकान ‘वाढवतो’, देवापुढे नारळ ‘वाढवतात’, बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’ असेच म्हणतात. गणपतीच्या उत्तरपूजेत अक्षता वाहताना ‘पुनरागमनाय च’ म्हटले जाते, म्हणजे देवालाही आपण परत येण्याच्या बोलीवरच निरोप देतो. सासूबाईंनी केले ते मला अंधश्रद्धा वाटत नाही. नातवाकडून त्यांनी परत येण्याचा शब्द घेतला.

उत्तर २ : राजारामपुरीकर

विद्यार्थिनीला सांगता येईल, की परत येता येते. पण कोणत्या दाराने, हे संस्थेच्या नियमांवर ठरते. ब्रिटनने २०१६ साली सार्वमत घेतले, २९ मार्च २०१७ रोजी करारातील कलम ५० नुसार सूचना दिली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो संघाबाहेर पडला. मधल्या काळात, डिसेंबर २०१८ मध्ये, युरोपीय न्यायालयाने निकाल दिला होता, की प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंत ब्रिटन आपली सूचना स्वतःहून मागे घेऊ शकतो. म्हणजे उंबऱ्यावरून माघारी फिरण्याची मुभा होती. आता मात्र त्याला कलम ४९ नुसार नव्या देशासारखा अर्ज करावा लागेल आणि सर्व सदस्यांची संमती मिळवावी लागेल.

याउलट, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत बाहेर पडण्याचे कलमच नाही. मलेशियाला सुरक्षा परिषदेत जागा मिळाल्याच्या रागातून इंडोनेशियाने जानेवारी १९६५ मध्ये संघटना सोडली, आणि सप्टेंबर १९६६ मध्ये तो परतला, तेव्हा त्याला नव्याने प्रवेश घ्यावा लागला नाही. त्याने सदस्यत्व सोडले नव्हते, केवळ सहकार्य थांबवले होते, असे मानून त्याची जागा त्याला परत देण्यात आली. मला स्वतःला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण इंडोनेशियाने रागाच्या भरात ‘जातो’ म्हटले, तरी घरच्यांनी ते ‘येतो’ असेच ऐकले.

उत्तर ३ : पन्हाळा रस्ता

मुलांना आपल्या दारचे उदाहरणही द्यावे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा असताना शिवाजी महाराज पावसाळी रात्री पन्हाळ्यावरून निघून विशाळगडाकडे गेले आणि पुढे पन्हाळा आदिलशाहीला द्यावा लागला. तोच गड १६७३ साली कोंडाजी फर्जंद यांनी मोजक्या मावळ्यांनिशी परत घेतला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे पडले नसते, तर त्या निघण्याला पुढे परतणे जोडलेच गेले नसते, हेही त्याच तासाला सांगावे.

उत्तर ४ : एक आजी, शाहूपुरी

एका ठिकाणी मात्र ‘येतो’ म्हणायचे नसते, ते सुनेने मुलाला सांगून ठेवावे. दुःखाच्या घरी भेटायला गेलेला माणूस निरोप न घेताच उठतो. लग्नानंतर पहिल्यांदाच अशा घरी गेले होते, तेव्हा निघताना माझ्या तोंडून सवयीने ‘येते’ निघून गेले. कोणी काही बोलले नाही, पण भिंतीला टेकून बसलेल्या त्या माउलीने मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि चपला शोधताना माझे हात थरथरत होते.