आपल्याच माणसांत पाहुणे

काल पुण्यात भाच्याच्या मुलीचं बारसं होतं. पाळणा सुरू झाला, सगळ्या बायका सुरात, मी नुसते ओठ हलवतेय. शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "तुम्ही हिंदी का हो?" माहेर इंदूरचं. तिथे वर्गात मी 'वो मराठी लडकी' होते. इथे येऊन २२ वर्षं झाली. नवी नवरी असताना ऐन पूजेत म्हणाले होते, "कुणाचा तरी फोन वाजून राहिलाय." गुरुजीसुद्धा हसले. तुमचं होतं का असं? लिहा.

– 'वाजून राहिलाय'ला हसणाऱ्यांना नागपूरला पाठवा. आम्ही जन्मभर असंच बोलून राहिलो, काही बिघडून नाही राहिलं.

– बडोदेकर हजर! सासरी माझ्या आमटीला 'गुजराती डाळ' म्हणतात. मी वाढते, ते ओरपतात.

– माझं उलटं. जन्म, शाळा, नोकरी सगळं दादरला. पण नाट्यसंगीत, दिवाळी अंक, काही म्हणजे काही भिडत नाही. नाटकाला जातो ते मध्यंतरातल्या वड्यासाठी. बायको म्हणते बाहेर बोलू नका. बोललो.

– वडा कुठला पण? 😄

– २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' आलं, तेव्हा मी तावातावाने भांडलेलो. परवा भाजीवाली 'एकोणसाठ' म्हणाली. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी मोबाईलकडे.

– बाबा गेले त्या संक्रांतीला मला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, आईला नाही. एकाच घरात राहतो आम्ही. बोलवायला आलेली मुलगी दारात माझ्याकडेच बघून बोलली, आई मागे वाती वळत होती. मी गेले नाही. आई म्हणाली, जा गं, वाईट दिसतं. त्यानंतर कधीच... शिट्टी झाली, नंतर लिहिते.

– 🫂

– आमच्याकडे आई सगळ्यांना बोलावते, विधवा मैत्रिणींनाही. पहिल्या वर्षी दोघीतिघी उठून गेल्या. आता त्याच वाण काय आहे म्हणून आधी फोन करतात.

– बडोदेकर ताई, आमटीत गूळ की साखर?

– गूळ. आणि कोकम.

– आमसूल म्हणा!!

– झालं सुरू.

– धागाकर्ती: गुळावर नंतर भांडा. पाळण्याचे शब्द कुणी टाकेल का? पुढच्या महिन्यात अजून एक बारसं आहे.