बर्फातली धार निवडायची कशी: नाव बघून की उतार बघून?

शहापूरकर
दिवाळी झाली की बेळगावातल्या ट्रेकर्सचा एकच प्रश्न: यंदा उत्तराखंडातल्या बर्फात केदारकंठा की ब्रह्मताल? गोवा एक्सप्रेसचं तिकीट आधी निघतं, डोंगर मागून बघितला जातो. माझं म्हणणं उलटं आहे. नाव बाजूला ठेवा, आणि ज्या धारेवरून, म्हणजे डोंगराच्या कण्यावरून, चढायचं तिचा उतार मोजा. हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या नकाशात हिमालयात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, 40 मीटरला एक असते. दोन रेषांमधलं अंतर कागदावर 1.4 मिलिमीटर भरलं तर उतार 30 अंश, 0.8 भरलं तर 45. वाटेवर किंवा वाटेच्या वरच्या अंगाला रेषा 1.4 पेक्षा दाट असतील तर नवख्यांनी ती वाट सोडावी. वरच्या अंगाचं मुद्दाम सांगतोय. चालणारा सपाटीवर असतो, पण वरचं सुटलेलं बर्फ येऊन थांबतं ते सपाटीवरच.

दुसरं बघायचं ते धारेची रुंदी. वारा बहुधा पश्चिमेचा, त्यामुळे धारेच्या पूर्व अंगाला बर्फाचा सज्जा तयार होतो. वरून तो जमिनीसारखाच दिसतो, खाली मात्र हवा असते. तो तुटतो तेव्हा टोकाला नाही, आतल्या बाजूला तुटतो. म्हणून कडेपासून नुसतं एक पाऊल आत असून भागत नाही. धार इतकी रुंद हवी की पश्चिम अंगानं चार-पाच मीटर आत राहूनही चालता येईल.

खानापूरचा वाटाड्या
हिशेब बरोबर, भरवसा चुकीचा. 40 मीटरच्या रेषांमध्ये 30 मीटरचा कडा अख्खा लपतो. मोबाईलच्या नकाशावर जे लाल-पिवळे रंगवलेले उतार दिसतात त्यांची उंचीची माहिती बहुधा 30 मीटरच्या चौकोनांची असते. तिथं कडा गुळगुळीत होऊन साधा उतार दिसतो. कागदावर 28 अंश आणि प्रत्यक्षात दोन पायऱ्या अन् मध्ये कातळटप्पा, असंही होतं.

खरा धोका आपल्या सह्याद्रीच्या सवयीचा आहे. आपल्याकडं वर जायची नैसर्गिक वाट म्हणजे नाळ, दोन धारांमधली अरुंद घळ. धार निसरडी वाटली, कारवी माजली की आपण नाळ धरतो. बर्फात नाळ म्हणजे दोन्ही अंगांचं बर्फ गोळा करणारं नरसाळं, आणि खाली तोंडाशी गाडला जाणारा माणूस फार खोल जातो. गाडलेला माणूस पहिल्या 15 मिनिटांत बाहेर काढला तर वाचायची आशा मोठी, नंतर ती झपाट्यानं घटते. म्हणून नकाशाआधी सांक्री किंवा लोहाजंगचा, म्हणजे पायथ्याच्या गावचा, वाटाड्या गाठा. त्याला तीन गोष्टी विचारा: गेल्या हिवाळ्यात कुठली नाळ खाली आली, ती कुठवर पोचली, आणि मागं फिरायचं कोण ठरवणार. तिसऱ्याला तो अडखळला तर दुसरा माणूस बघा. झाडंही सांगतात. वरच्या अंगाच्या फांद्या नसलेली, खाली वाकलेली झाडं ओळीनं दिसली तर तो बर्फाचा रस्ता आहे, तुमचा नव्हे.

निपाणीकर
दोघंही जागेवरून भांडताय. घोटाळा महिन्यात आहे. डिसेंबरात बर्फाचा थर पातळ असतो, खाली जमीन उबदार, वर रात्रीची कडाक्याची थंडी. एवढ्याशा थरात तापमानाचा फरक मोठा, त्यामुळे तळाचे कण मोठे आणि सुटे होतात, अगदी साखरेसारखे. त्यावर पश्चिमी विक्षोभाचा, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळाचा, नवा जाड थर बसला की साखरेच्या पोत्यावर फरशी ठेवल्यासारखं. माणसाच्या वजनानं फरशी सरकते. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये थर दिवसा वितळून रात्री गोठतो, पहाटे टणक होतो. तेव्हा धार चढायची, नऊला माथ्यावर, अकराच्या आत धोकादायक उतार उतरून पार.

शहापूरकर
मार्चात कोण येणार ओ? शाळांच्या परीक्षा, मग लग्नसराई. शिवाय अकराची वेळ चुकली तर ओल्या बर्फाचे लोट तुमच्याच वेळेला सुटतात. डिसेंबर वाईट मान्य, पण मार्चला घड्याळ चुकायची मुभा नाही.

येळ्ळूर गडी
पायात काय आहे ते विचारा की. मायक्रोस्पाइक्स म्हणजे रबर-साखळीला जोडलेले सेंटीमीटरभर दाते. लोकांनी तुडवलेल्या वाटेला उत्तम. उतार आडवा कापताना ते बुटावरून एका अंगाला सरकतात आणि नेमका दात्यांशिवायचा भाग बर्फावर टेकतो. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचा दातेरी सांगाडा, त्याला 10 किंवा 12 लांब दाते, पण त्याला कडक तळव्याचा बूट लागतो. मऊ ट्रेकिंग बूट वाकतो, पट्टा ढिला होतो आणि नेमका चढावर सुटतो. खाली रबरी पत्रा नसेल तर ओलं बर्फ चिकटून गोळा होतो अन् दाते बर्फाला टेकतच नाहीत.

बर्फाची कुऱ्हाड (आइस अ‍ॅक्स) 60-70 सेंटीमीटरची पुरे. घसरल्यावर पहिल्या एक-दोन सेकंदांत अंगाखाली घेऊन रुतवली तरच उपयोग, मग वेग आवरत नाही. क्रॅम्पॉन असताना पाय वर उचला, दाते अडकले तर माणूस उलटा होतो. घसाऱ्यावर बसून उतरायची आपली सवय तर विसराच. नायलॉनच्या पँटवर बर्फात थांबायचं कुठं ते आपल्या हातात नसतं.

आणि दोर. पाच जण एका दोरात, दोर कुठंही बर्फात किंवा कातळात पक्का बांधलेला नाही, म्हणजे एक गेला की पाचही गेले. असा दोर नसलेला बरा.

टिळकवाडी ब्लॉक
एवढं मोजमाप केलं तर घरीच बसावं. केदारकंठ्यावर दर हिवाळ्यात रांग लागते. उंची 3,800 मीटर, वाट तुडवलेली. आणि हे सगळं शिकायचं तर गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला जवळपास महिना जातो, तो दुकानदारानं कुठून आणायचा?

खानापूरचा वाटाड्या
रांग म्हणजे सुरक्षितता नव्हे. रांगेमुळं उताराखाली जास्त माणसं जास्त वेळ उभी राहतात. कोर्सबद्दल निम्मं मान्य. कोर्स केला म्हणून बर्फ ओळख देत नाही. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा-2 वर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी होते आणि बरोबर प्रशिक्षकही. तरी हिमस्खलनात 25 हून अधिक जण गेले. कोर्सनं कुऱ्हाड वापरता येते, उतार निवडायची जबाबदारी उरतेच.

निपाणीकर
टिळकवाडी, उंचीही धरा. बेळगाव साडेसातशे मीटरवर. 3,000 च्या वर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असा नियम आहे. दोन मुक्कामांत माथा गाठायचा कार्यक्रम असेल तर डोकं दुखणारच, आणि त्या डोक्यानंच परत फिरायचं ठरवायचं असतं.

शहापूरकर
वाटाड्या, कडा लपतो हे पटलं. मग असं करा: नकाशावर धार निवडा, तुमच्या गाईडकडून कडे अन् नाळा खात्री करून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी चंडीगडच्या डीजीआरईचा, म्हणजे डीआरडीओच्या संशोधन संस्थेचा, जिल्हावार हिमस्खलन इशारा बघा. आणि मोठा बर्फ पडला तर 48 तास थांबायचं. म्हणजे परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढलेलं असलं पाहिजे, नाहीतर गाडी चुकेल म्हणून माणूस उतारावर घुसतो.

टिळकवाडी ब्लॉक
दोन जादा दिवसांचं खोलीभाडं कोण भरणार ते आधी लिहून ठेवा की ओ, ग्रुप तिथंच फुटतो.